आडनावाखाली दडलेली आजी

(सामुदायिक रेडिओवर दुपारच्या कार्यक्रमात झालेलं हे भाषण. ऐकलेल्या गटांनी लिखित मागितलं म्हणून इथे देत आहोत. बोली तशीच ठेवली आहे.)

हातात शेंगा असतील, निवडायला तांदूळ असतील तर ते काम चालू द्या. कान तेवढे इकडे ठेवा.

मागच्या महिन्यात एका गटाच्या बैठकीला गेले होते. बचतीचा हिशेब झाला, चहा झाला, आणि गटातल्या एका ताईंची बारावीतली लेक माझ्याजवळ येऊन बसली. म्हणाली, "मावशी, मी मोबाइलवर एका अमेरिकन गायकाची गाणी ऐकते. कुणी म्हणतं तो ज्यू आहे, कुणी म्हणतं तो मूळचा नॉर्वेकडचा. आणि जन्माच्या वेळचं आडनाव तर स्कॉटलंडचं. माणूस एक आणि मुळं तीन, हे कसं काय?"

बायका हसल्या. एक आजी म्हणाल्या, "आपल्याला गं काय करायचंय त्याच्या कुळाशी? त्याला का सोयरीक घालायचीय?" तेव्हा मीही हसले. पण पोरीला उत्तर द्यायचं म्हणून वाचायला बसले, आणि त्या गायकाच्या आजीपाशी सुरू झालेला शोध माझ्या स्वतःच्या आजीपाशी येऊन थांबला. म्हणून आजचा विषय हाच. एका माणसाचं कूळ कसं शोधतात, आणि त्यात बाईचं नाव कुठे हरवतं.

त्या गायकाचं नाव बेक. तो रॉक संगीत गातो. रॉक म्हणजे विजेवरची गिटार, ढोल-ताशासारखे ड्रम आणि मोकळ्या गळ्याचं गाणं. ८ जुलै १९७० ला तो अमेरिकेत लॉस एंजेलिस शहरात जन्मला. घरात पैसा बेताचा. शाळा त्याने अर्धवट सोडली. रस्त्यावर, बसमध्ये, छोट्या उपाहारगृहात गात फिरला. १९९३ मध्ये 'लूझर' नावाचं त्याचं गाणं निघालं. लूझर म्हणजे हरलेला माणूस. त्याच गाण्याने त्याला जगात नाव मिळालं. पुढे २०१५ साली 'मॉर्निंग फेज' या त्याच्या गाण्यांच्या संचाला ग्रॅमीचा वर्षातला सर्वोत्तम संच म्हणून पुरस्कार मिळाला.

आता त्याचं कूळ पाहू. वडील डेव्हिड कॅम्पबेल, जन्म कॅनडातला. गाण्यामागे व्हायोलिन वगैरे वाद्यांचा मेळ बसवून देणारे मोठे संगीतकार. वडिलांचे वडील ख्रिस्ती धर्मातल्या प्रेस्बिटेरियन पंथाचे पाद्री. कॅम्पबेल हे आडनाव स्कॉटलंडचं. आई बिबी हॅन्सन. कलावंत बाई, किशोरवयातच न्यूयॉर्कच्या अँडी वॉरहॉल या प्रसिद्ध चित्रकाराच्या चित्रपटात दिसलेली. आईचे वडील अल हॅन्सन, नॉर्वेजियन वंशाचे. आणि आईची आई ऑड्रे ऑस्टलिन, ती ज्यू.

बेक लहान असताना आईवडील वेगळे झाले. तो आईकडे वाढला. पुढे त्याने कॅम्पबेल हे आडनाव सोडून आईचं हॅन्सन लावलं.

आजोबा अल हॅन्सनबद्दल दोन वाक्यं सांगायलाच हवीत. १९२७ साली न्यूयॉर्कमध्ये जन्मलेला हा माणूस. दुसऱ्या महायुद्धानंतर सैनिक म्हणून जर्मनीत असताना त्याने एका पडक्या इमारतीच्या वरच्या मजल्यावरून चक्क पियानो खाली ढकलला होता. पुढे तो चित्रकार झाला, पण रंग-कॅनव्हासचा नाही. सिगारेटची थोटकं, चॉकलेटचे कागद, काड्यापेटीच्या काड्या अशा टाकाऊ वस्तूंतून तो बायकांच्या आकृत्या घडवायचा. आपण जुन्या लुगड्यांच्या चिंध्यांतून गोधडी शिवतो, त्याच जातीचं हे काम. नातू पोरवयात जर्मनीतल्या कोलोन शहरात त्याच्याकडे राहून आला. १९९५ मध्ये आजोबा गेले, आणि १९९८ मध्ये आजोबा-नातवाच्या चित्रांचं एकत्र प्रदर्शन कॅलिफोर्नियात भरलं. नातवाची गाणीही तशीच आहेत, इथला तुकडा, तिथला तुकडा जोडलेली.

आजोबांची एवढी हकीकत सहज मिळते. आजीची मात्र ओळ-दोन ओळी मिळतात. मैत्रिणींनो, हे ध्यानात ठेवा. पुढे आपल्याला त्याची गरज पडणार आहे.

पहिला धडा मोजणीचा. आपल्याला आईवडील दोन. आजीआजोबा चार. त्यांच्या वरती आठ, मग सोळा, मग बत्तीस. दहा पिढ्या वर गेलं की हा आकडा १,०२४ होतो. आडनाव मात्र यातल्या एकाच माणसाचं आपल्याकडे येतं, बापाच्या बापाच्या बापाचं. बाकी १,०२३ जणांचं काय? ते आपल्या रक्तात असतात, नावात नसतात. म्हणून आडनाव बघून कूळ सांगणं म्हणजे बांधावरचं एक झाड बघून सगळं शिवार सांगण्यासारखं आहे.

बेकच्या घरातच बघा. आडनावं कोणती? कॅम्पबेल, हॅन्सन, ऑस्टलिन. कॅम्पबेल स्कॉटिश. हॅन्सन नॉर्वे-डेन्मार्ककडचं. ऑस्टलिन हेसुद्धा स्वीडनमध्ये आढळणारं नाव. या तिन्हींत ज्यू म्हणून ओळखू येईल असं एकही नाही. आजी ज्यू होती, हे आडनावांच्या यादीवरून कधीच कळलं नसतं. ते कळलं घरच्या माणसांनी सांगितलं म्हणून.

आणखी एक गंमत. बेकने बापाचं नाव सोडून आईचं घेतलं, म्हणून आपल्याला बरं वाटतं. पण आईचं आडनाव म्हणजे तरी काय? आईच्या बापाचं! आजीचं नाव तिथेही आलं नाही. आपण माहेरचं नाव, माहेरचं नाव म्हणतो, तेही असंच. माहेर आईचं असतं, नाव आजोबांचं असतं.

आता नॉर्वेला जाऊ. युरोपच्या उत्तरेला, डोंगर आणि समुद्राच्या मध्ये वसलेला हा देश. नॉर्वे, स्वीडन आणि डेन्मार्क मिळून स्कँडिनेव्हिया. हॅन्सन याचा अर्थ सरळ आहे, हान्सचा मुलगा. जुन्या काळी तिथे आडनाव पिढ्यान्‌पिढ्या चालत नसे. हान्सचा मुलगा ओले असेल तर तो ओले हान्सेन. ओलेचा मुलगा पेडर असेल तर तो पेडर ओलसेन. आणि हान्सची मुलगी? ती हान्सदात्तेर, म्हणजे हान्सची लेक. नॉर्वेत १९२३ सालच्या कायद्याने प्रत्येक घराला एक कायमचं आडनाव घ्यावं लागलं. तेव्हापासून हान्सेन तसंच गोठलं. आज नॉर्वेत सर्वांत जास्त आढळणाऱ्या आडनावांत ते आहे.

या पद्धतीत बायकांसाठी एक मोठी गोष्ट होती. लग्न झालं तरी बाईचं नाव बदलत नसे. मारित हान्सदात्तेर ही लग्नाआधीही तीच, मुलंबाळं झाल्यावरही तीच, आणि मेल्यावर चर्चच्या वहीतही तीच. त्यामुळे मुलाच्या बाप्तिस्म्याची, म्हणजे नामकरणाची, नोंद उघडली की बापाचं नाव मिळतं, आणि आईचंही तिच्या बापासकट मिळतं. आईवरून आजीकडे, आजीवरून पणजीकडे जायची वाट उघडी राहते.

त्या नावापुढे शेताचं नावही लिहीत. नॉर्वेत प्रत्येक शेतवाडीला नाव असतं आणि तिथे राहणाऱ्याच्या नावाला ते जोडत. माणूस दुसऱ्या वाडीवर राहायला गेला की ते नावही बदले. म्हणून नॉर्वेत कूळ शोधणारा आधी विचारतो, "कुठली वाडी?" नुसतं हान्सेन सांगून काही उपयोग नाही. आपल्याकडे पाटील कुठला म्हणून विचारावं लागतं, तसंच.

नॉर्वेच्या चर्चच्या वह्यांत जन्म, लग्न, मरण तर आहेच, देवीची लस कोणाला टोचली त्याच्याही याद्या काही ठिकाणी आहेत. स्वीडनमध्ये पाद्री घरोघर जाऊन माणसांना धर्माचं पुस्तक वाचता येतं का ते तपासायचा आणि घरातल्या प्रत्येकाची नोंद करायचा. बाईमाणसांचीही. या वह्या आता दोन्ही देशांनी संगणकावर टाकल्यात आणि नॉर्वेच्या तर घरबसल्या फुकट बघता येतात. नॉर्वेच्या जनगणनेची घरोघरची पानं शंभर वर्षं झाली की लोकांसाठी उघडतात.

मग ही माणसं अमेरिकेत कशी आली? गरिबीमुळे. डोंगराळ मुलूख, पिकाऊ जमीन थोडी, वाटण्या होऊन तुकडे उरलेले. १८२५ मध्ये नॉर्वेच्या स्टाव्हांगर बंदरातून एक लहानसं जहाज अमेरिकेला निघालं. निघताना माणसं ५२ होती, न्यूयॉर्कला पोचली ५३. वाटेत एका बाईने मुलीला जन्म दिला होता! त्यानंतरच्या शंभर वर्षांत आठ लाखांहून जास्त नॉर्वेजियन आणि सुमारे तेरा लाख स्वीडिश माणसं अमेरिकेला गेली.

दुसरी वाट ज्यूंची. युरोपच्या पूर्वेकडे, रशियाच्या राज्यात, ज्यूंना ठरावीक पट्ट्यातच राहायची मुभा होती. १८८१ पासून तिथे त्यांच्या वस्त्यांवर हल्ले वाढले. पोटाचे हालही होतेच. १८८१ ते १९२४ या काळात वीस लाखांच्या आसपास ज्यू अमेरिकेला गेले. १९२४ मध्ये अमेरिकेने कायदा करून दार जवळजवळ लावून घेतलं.

या दोन वाटा युरोपात सहसा एकमेकींना मिळाल्या नसत्या. नॉर्वेच्या १८१४ च्या राज्यघटनेत तर ज्यूंना देशात यायलाच बंदी होती. हेन्रिक वर्गेलान नावाच्या कवीने ती उठवावी म्हणून जन्मभर भांडण केलं. तो गेल्यावर, १८५१ मध्ये बंदी उठली. पण न्यूयॉर्कमध्ये सगळे एकाच गल्लीत, एकाच नाटकात, एकाच कारखान्यात भेटायचे. तिथे हॅन्सनचा मुलगा आणि ज्यू घरची मुलगी यांचं लग्न होणं नवलाचं राहिलं नाही.

ज्यू घराण्याचा शोध नॉर्वेपेक्षा अवघड. पहिलं कारण म्हणजे तिथेही आडनावं उशिरा आली. फलाण्याचा मुलगा फलाणा, फलाणीची नाही, एवढंच नाव असे. ऑस्ट्रियाच्या राजाने १७८७ मध्ये, रशियाने १८०४ मध्ये ज्यूंना कायमची आडनावं घ्यायला लावली. दुसरं कारण फार दुःखाचं आहे. दुसऱ्या महायुद्धात हिटलरच्या राजवटीने साठ लाख ज्यूंना मारलं. गावंच्या गावं संपली. विचारायला म्हातारं माणूसच उरलं नाही. वाचलेल्यांनी मग एकत्र बसून आपापल्या गावाच्या आठवणींची पुस्तकं लिहिली. कोणत्या घरात कोण राहायचं, पाव कोण भाजायचं, सुईण कोण होती. कित्येक माणसांचं नाव आज फक्त त्या पुस्तकांतच आहे.

तरी खुणा सापडतात. ज्यू थडग्यावर हिब्रूत मेलेल्याचं आणि त्याच्या बापाचं नाव कोरतात, म्हणजे एका दगडावर दोन पिढ्या मिळतात. पूर्व युरोपातल्या ज्यूंत गेलेल्या माणसाचं नाव नव्या बाळाला द्यायची रीत आहे. एकाच घरात सारख्या वयाच्या तीन चुलतबहिणींचं नाव सारखं दिसलं, तर समजायचं की त्या नावाची आजी नुकतीच गेली असावी. अमेरिकेच्या जनगणनेत धर्म विचारत नसत, पण १९१०, १९२० आणि १९३० मध्ये परदेशातून आलेल्यांची मातृभाषा विचारली. तिथे 'यिडिश' लिहिलेलं दिसलं की घर ज्यू असल्याचं कळतं. मातृभाषा, आईची भाषा. धर्माचा रकाना नव्हता, तिथे आईच्या बोलीने साक्ष दिली.

आणि आता त्या पोरीच्या प्रश्नाचं खरं उत्तर. ज्यू धर्माच्या जुन्या नियमाप्रमाणे ज्यूपण आईकडून येतं. आई ज्यू, तर मूल ज्यू, मग बाप कोणी असो. अमेरिकेतल्या सुधारक ज्यू पंथाने १९८३ पासून बापाकडूनही ते मान्य केलं, पण जुना नियम आईचाच. आता लावा हिशेब. आजी ऑड्रे ज्यू, म्हणून तिची लेक बिबी ज्यू, म्हणून तिचा मुलगा बेक ज्यू. मधे नॉर्वेजियन आजोबा आले, स्कॉटिश आडनावाचे वडील आले, तरी ही ओळ तुटली नाही. आडनावाच्या ओळीने तो स्कॉटिश, आजोबाच्या ओळीने नॉर्वेजियन, आईच्या आईच्या ओळीने ज्यू. तीनही खरं. खोटं एकच, त्यातलं एक निवडून बाकीची पुसून टाकणं.

विज्ञानही आईच्या ओळीची साक्ष देतं. आपल्या शरीरातल्या जवळजवळ प्रत्येक पेशीत अनुवंशाचा जो मजकूर असतो त्याला डीएनए म्हणतात. त्यातला बहुतेक भाग निम्मा आईचा, निम्मा बापाचा. पण एक छोटासा तुकडा फक्त आईकडून येतो. आईने तो आजीकडून घेतला, आजीने पणजीकडून. मुलग्यालाही तो मिळतो, पण मुलगा पुढे देऊ शकत नाही, मुलगीच देते. विरजणासारखं समजा. आईच्या घरचं विरजण लेकीने सासरी नेलं, तिच्या लेकीने तिच्या सासरी नेलं. घरं बदलली, आडनावं बदलली, दूध वेगळ्या गाईचं, पण विरजण तेच. बेकच्या अंगात त्याच्या ज्यू आजीच्या आईचं विरजण आहे. मात्र एक सांगते, डीएनए धर्म सांगत नाही. कोणत्या मुलखातल्या माणसांशी नातं जुळतं एवढंच सांगतो.

हे सगळं साता समुद्रापारचं वाटत असेल तर आपल्या कोकणातलंच उदाहरण घ्या. रायगड जिल्ह्यातले बेने इस्रायली ज्यू. अलिबागजवळ नवगाव इथे त्यांचे पूर्वज जहाज फुटून किनाऱ्याला लागले, अशी त्यांची परंपरा सांगते. ते तेलाचा घाणा चालवत, शनिवारी काम बंद ठेवत, म्हणून गावाने त्यांना शनिवार तेली म्हटलं. बोली मराठी, आणि आडनावं गावावरून, पेणकर, राजपूरकर, केहिमकर. आडनावावरून कोणी ज्यू म्हणून ओळखेल का? नॉर्वेच्या शेतवाडीसारखंच आपलं हे 'कर'. त्यांच्या डीएनएचा एक अभ्यास २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात ज्यू आणि भारतीय असे दोन्ही धागे सापडले, आणि भारतीय धागा जास्त करून आयांच्या बाजूने आलेला दिसला. म्हणजे त्या घरांतही सुरुवातीच्या आज्या इथल्याच मातीतल्या असाव्यात. त्यांची नावं कोणत्याही वहीत नाहीत, पण लेकींच्या लेकींनी त्यांची खूण जपली.

आता माझ्या आजीकडे येते.

माझे मामा वारले तेव्हा वारस नोंदीसाठी वंशावळ करायची वेळ आली. कागद तयार होऊन आला. त्यात आजोबांखाली दोन मुलगे होते. माझी आई नव्हती, मावशी नव्हती. कोणी मुद्दाम कापलं असं मी म्हणत नाही. विचारल्यावर उत्तर मिळालं, "मुलींचं कशाला, त्या तर दिल्या घरी सुखी आहेत." आईला जमीन नकोच होती. तिला एवढंच वाटलं, की "मी या घरात जन्मलेच नव्हते का?" ते वाक्य माझ्या मनातून जाईना.

आईच्या शाळेच्या दाखल्यावर बापाचं नाव होतं, तिचं काम झालं. मावशी मात्र शाळेत गेलीच नव्हती. लग्नात सासरच्यांनी पहिलं नावही बदललेलं. आताच्या सगळ्या कागदांवर ती नवऱ्याची बायको. ती आजोबांची लेक आहे, हे दाखवायला एक चिठोरा नव्हता. तहसील कचेरीच्या अभिलेख कक्षात गाव नमुना चौदा, म्हणजे जुनं कोतवाल बुक, असतं. गावात कोण जन्मलं, कोण मेलं, ते कोतवाल नोंदवायचा. चार हेलपाटे घातल्यावर नोंद सापडली. तारीख होती, आजोबांचं नाव होतं, आणि पुढे एवढंच होतं की मुलगी झाली. मुलीचं नाव नाही. जिने जन्म दिला तिचंही नाव नाही. तरी त्या एका ओळीवर मावशी वंशावळीत आली.

पण मला आता आजीचं नाव हवं होतं. तिचं जन्मनाव, तिच्या आईबापाचं गाव. आईला सासरचं नाव माहीत होतं, जन्मनाव नाही. "आम्ही तिला आईच म्हणायचो गं, नाव कशाला विचारू?" शेवटी नव्वदीतल्या एका चुलत आजीला जात्यावरची एक ओवी आठवली. माझी आजी दळताना माहेरच्या वाटेची ओवी म्हणायची, त्यात गावाचं नाव होतं, भावाचं नाव होतं. त्या गावी गेलो, भावाच्या नातवाचं घर सापडलं, आणि तिथल्या म्हातारीने एका दमात सांगितलं, "ती होय? ती आमची सोनी." सोनी. पंचावन्न वर्षं माझी आई आपल्या आईचं नाव न कळता जगली.

हेमा राईरकर आणि गी पॉयटवाँ यांनी गावोगाव फिरून बायकांच्या एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. मला वाटतं, ते आपल्या आज्यांचं कोतवाल बुक आहे. सरकारी वहीत ज्या मावल्या नाहीत, त्या जात्याभोवती नांदल्या.

कायदा आता बदलतोय. २००५ च्या दुरुस्तीनंतर हिंदू कुटुंबात वडिलोपार्जित मिळकतीत लेकीचा हक्क जन्माने आणि लेकाइतकाच आहे. महाराष्ट्रात १ मे २०२४ किंवा त्यानंतर जन्मलेल्या मुलांच्या सरकारी कागदांवर आधी मुलाचं नाव, मग आईचं, मग वडिलांचं आणि मग आडनाव असा क्रम आला आहे. म्हणजे आजच्या बाळाची नात उद्या शोधायला बसली, तर तिला आईचं नाव कागदावर सापडेल. आपल्या आज्यांचं मात्र आपल्यालाच लिहावं लागेल.

कसं लिहायचं ते सांगते. शंभर पानी एक वही घ्या. पहिल्या पानावर स्वतःचं नाव लिहा, लग्नाआधीचं आणि नंतरचं, दोन्ही. मग आई, मग आईची आई. प्रत्येकीची चार गोष्टी लिहा: जन्मनाव, सासरचं नाव, माहेरचं गाव आणि साधारण कोणत्या साली जन्मली. साल माहीत नसेल तर खूण लिहा, दुष्काळाच्या साली, कोयनेच्या भूकंपाच्या वर्षी. कोयनेचा भूकंप डिसेंबर १९६७ चा, तो धरून वय काढता येतं.

म्हाताऱ्या माणसाला "नाव सांगा" म्हणून विचारू नका. "तुझ्या लग्नात वऱ्हाड कुठून आलं? पहिल्या बाळंतपणाला कुणाकडे गेली होतीस? ओटी कुणी भरली?" असं विचारा. गोष्टीबरोबर नाव आपोआप येतं. मोबाइलवर आवाज टिपून ठेवा. वही विसरली तरी आवाज राहील.

मग कागद जुळवा. शाळेचा दाखला, जुनी लग्नपत्रिका, जुनं रेशन कार्ड, कोतवाल बुकाची नक्कल. जुनी नोंद मोडी लिपीत असेल तर मोडी वाचणारे जाणकार मिळतात. दक्षिण महाराष्ट्रात हेळवी येतात, त्यांच्या चोपड्यांत घराण्याच्या पिढ्या असतात. पंढरपूर, त्र्यंबकेश्वरच्या क्षेत्रोपाध्यायांच्या वह्यांत यात्रेला आलेल्या पूर्वजांच्या नोंदी सापडतात. तिथे बहुतेक पुरुषांचीच नावं असतील. तरी बघा, आणि या वेळी गेलात तर आपलं, लेकीचं, सुनेचं नाव जन्मनावासकट लिहायला सांगा.

एक सावधगिरी. कूळ शोधताना नको ते वर येऊ शकतं. मोडलेलं लग्न, दुसऱ्या जातीतली आजी, टाकलेली बाई. ते सापडलं म्हणून कुणाची मान खाली घालायची नाही आणि जिवंत माणसाची गोष्ट त्याच्या परवानगीशिवाय चार लोकांत सांगायची नाही. आपण शोधतो ते कुणाला उणं पाडायला नाही. आणि माझं कूळ मोठं म्हणायलाही नाही. १,०२४ माणसांत सगळे प्रकार असतात. बेकच्या घरात पाद्री आहे, पियानो ढकलणारा आहे, आणि अमेरिकेत पाहुणी म्हणून आलेली माणसं आहेत.

त्या बारावीच्या पोरीला मी हे सगळं सांगितलं. ती म्हणाली, "म्हणजे मावशी, तो गायक ज्यू आहे हे त्याच्या आजीमुळे, आणि आजीचंच फारसं कुणाला माहीत नाही." मग थोडं थांबून आईला म्हणाली, "आई, तुझ्या आजीचं नाव काय गं?" ताई विळीवर भाजी चिरत होत्या. हात थांबला. "अगं... थांब हं. दादाला फोन लावते."

पुढच्या बैठकीला बचतीच्या पुस्तकाबरोबर ती वही पण आणा, मैत्रिणींनो. निदान पहिल्या पानावर तीन बायकांची नावं असू द्या. ज्यांना तिसरं नाव माहीत नसेल त्यांनी आजच संध्याकाळी माहेरी फोन लावा. ज्यांना विचारायचं ती माणसं थकत चालली आहेत.